बसस्टँडवरची स्त्रीरोगतज्ज्ञ

पीजीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी कुरुंद्याच्या आमच्या घरी भांडी विसळत होते. एमबीबीएस झाले होते, सेनगावकडच्या एका आरोग्य केंद्रातली बंधपत्राची नोकरीही उरकली होती, आणि आता दुसऱ्यांदा परीक्षा देऊन घरी बसले होते. मला स्त्रीरोगच हवं होतं. बाळंतपणं करायची, अडलेली बाई मोकळी करायची, बाकी काही नको. मोबाइलवर ‘पात्र’ हा शब्द दिसला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघाला. ओसरीत चहा पीत बसलेल्या काकांनी तेवढाच ऐकला, बशी खाली ठेवली आणि चपला घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. ‘आपल्या गावची कन्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ माझा गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला फोटो, आणि शेजारी माझ्यापेक्षा मोठा काकांचा. खाली शुभेच्छुकांच्या रांगा. त्यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नाही, तेही मला ओळखत नसावेत.

मी काकांवर उखडले. “काका, अजून काहीच मिळालेलं नाही मला!”

“पास झालीस का न्हाई?”

“झाले.”

“मंग? पास झालेल्याला काय घरी बशिवतेत व्हय?”

बशिवतेत, काका. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच. पुढे प्रवेशाच्या फेऱ्या असतात आणि रँकप्रमाणे सीटा संपत जातात. माझ्या एका सीनिअर ताईला काही वर्षांपूर्वी ज्या रँकवर स्त्रीरोग मिळालं, वर कॉलेजही मनासारखं मिळालं, त्या रँकला आता कोणी दारात उभं करत नाही. तेव्हा मुलं नाक मुरडायची, झोपेचं खोबरं करायला कोण जाईल म्हणायची. आता तीच शाखा म्हणजे एक अनार, सौ बीमार. आणि आमच्या भागात मात्र सिझर करणारं माणूस शोधायला बायकांना नांदेडची वाट धरावी लागते. तिकडे शिकायला एवढी झुंबड आणि इकडे करायला कोणी नाही, हे गणित मला कधीच सुटलं नाही. सुटलं नाही की राग येतो, आणि राग कोणावर काढायचा तेही कळत नाही.

फ्लेक्सनं मात्र आपलं काम चोख केलं. दुपारी कामं आवरून बायका येऊ लागल्या. कुणाची सून, कुणाची नणंद. “आमी बाप्याला न्हाई दाखवत, बाई,” म्हणायच्या आणि ओसरीतल्या बाजेवर आडव्या व्हायच्या. काकांनी शेजारून खुर्च्या आणून मांडल्या. मी सांगायचे, मी अजून त्यातली डॉक्टर नाही. त्या हसायच्या. मोठ्या माणसानं आपण कोणी नाही म्हणायचंच असतं, अशी त्यांची समजूत. मग मी रक्तदाब बघायचे, पोटावर हात ठेवायचे, लोहाच्या गोळ्या चुकवू नका म्हणायचे आणि पुढच्या दवाखान्याची वाट दाखवायचे.

पहिल्या फेरीत मला काही मिळालं नाही. दुसरीतही नाही. काका म्हणाले, “मतमोजणीत बी शेवटच्या फेरीला पारडं फिरतं.” त्यांना एवढंच माहीत होतं आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

शेवटच्या फेरीची यादी लागणार होती त्या दिवशी सकाळीच दारात जीप उभी राहिली. शिरड शहापूरच्या एक अम्मा आपल्या लेकीला धरून उतरवत होत्या. लेकीचं सासर नांदेडला. तिथल्या दवाखान्यात नाव घातलेलं, तपासण्या चाललेल्या. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे तिला माहेरी आणलं, आणि येताना अम्मांनी बसस्टँडवर माझा फ्लेक्स पाहिला. त्यानंतर लेक नांदेडला गेलीच नाही.

“सासरचे म्हनत होते, तिथंच ठेवा. म्या म्हनलं, लेडीज डाक्टर बराबर आपल्या घरापाशी झाली, आता काहून तकलीफ करायची?”

पोरीला पहाटेपासून कळा होत्या. मी पोटावर हात ठेवला. बरगड्यांखाली गोल, टणक डोकं लागलं. मूल पायाळू होतं. पुन्हा चाचपलं, तेच.

“अम्मा, आत्ताच्या आत्ता नांदेडला चला.”

“तुमी हायेत की!”

“मला हे येत नाही. आणि इथं होणारही नाही.”

अम्मांचा चेहरा उतरला. “बोर्डावर तर लिवलंय,” त्या हळूच म्हणाल्या. त्या मला खोटं पाडत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी ओढणी घेतली आणि त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसले. रस्ताभर पोरीनं माझा हात सोडला नाही. प्रत्येक कळेला ती माझ्याकडे बघायची, आणि मी श्वास घे म्हणण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. आयुष्यात इतकं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं.

नांदेडच्या दवाखान्यात समोर आली ती निवासी डॉक्टर माझ्याच वयाची होती. डोळ्यांखाली काळं, केस टोपीतून बाहेर आलेले. मी सांगितलं, पहिलटकरीण आहे, मूल पायाळू आहे, कळा पहाटेपासून आहेत. तिनं नीट ऐकून घेतलं, पोरीला आत घेतलं आणि मागे वळून म्हणाली, “नातेवाइकांनी बाहेर थांबा.” दार लागलं. मला तिचा हेवा वाटला, तिच्या त्या न झोपलेल्या डोळ्यांचासुद्धा.

बाकावर अम्मा तसबीहचे मणी ओढत होत्या. माझा फोन थरथरला. यादी आली होती. मी फक्त स्त्रीरोगच मागितलं होतं. मैत्रिणी सांगून दमल्या होत्या, शेवटी दुसरं काहीतरी टाक म्हणून. शेवटची सीट माझ्या रँकच्या कितीतरी आधी संपली होती. मी फोन पालथा ठेवला. रडू आलं नाही. आपण त्या दाराच्या बाहेरचेच, एवढं मात्र अंगाला थंडगार लागलं.

थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. डॉक्टर लेकरू घेऊन बाहेर आली. मुलगी होती, दोघी सुखरूप होत्या. अम्मांनी मला खांद्याला धरून पुढे ढकललं. “आधी आमच्या डाक्टरीन बाईच्या हातात द्या,” त्या म्हणाल्या. डॉक्टरनं माझ्याकडे चमकून पाहिलं. मी हात पुढे केले.

मग मला राहवलं नाही. “अम्मा,” मी म्हणाले, “मी नाही हो तसली डॉक्टर. यंदाही नाही झाले. आत्ताच कळलं.”

अम्मांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. दृष्ट लेकराची काढतात, त्यांनी माझी काढली.

“जाऊ द्या, बाई. माझ्या लेकीचं न्हाई झालं तुमच्या हातानं. हिचं करा.” त्यांनी माझ्या हातातल्या पोरीकडे बोट केलं. “ही मोठी हून, लगीन हून माहेरी येस्तोवर तर भेटंल ना तुमाला ते?”

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी मला भरपूर वेळ दिला होता.

“व्हय,” मी म्हणाले.