ताज्या बर्फाचा आवाज

सुहास गेल्याचं मला एका परक्या बाईने इंग्रजीत सांगितलं. मार्चचा पहिला आठवडा होता, दुपारचे तीन वाजत आले होते आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. नंबर सुहासचाच होता, त्यामुळे फोन उचलल्या उचलल्या मी रागावूनच बोलले, "अरे, दोन दिवस होतास कुठे?" पलीकडून ती बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. ती त्याच्या ऑफिसातली मारिया. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, त्यामुळे गैरसमजाला जागाच राहिली नाही. माझा धाकटा भाऊ, वय वर्षं चोपन्न, फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका शहरातल्या हॉस्पिटलमध्ये पहाटे वारला होता. फुप्फुसाचा कर्करोग. नोव्हेंबरपासून तो तिथेच होता, हे मला त्या फोनवर कळलं. म्हणजे, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. रोजच्या फोनवर बोलताना तो सायकलवर नाही, कुठल्यातरी बंद खोलीत आहे, हे मला नोव्हेंबरमध्येच कळलं होतं. कळूनही मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच.

आम्ही ठाण्याच्या कोपरीचे. आमच्या लहानपणी घरापासून खाडीकडे चालत गेलं की मिठागरं लागायची आणि मिठागरांच्या बांधांवर सुहास सायकल शिकला. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यामुळे मागे धावायचं काम माझं. रस्त्यावर शिकवायला मला लाज वाटायची, कॉलेजातल्या मुली बघतील म्हणून मी त्याला तिकडे आडबाजूला न्यायची. बांध जेमतेम हातभर रुंद, वर चिकणमातीचा गुळगुळीत थर, आणि दोन्हीकडे खारं पाणी. तो दर दहा हातांवर त्यात पडायचा. डोळे चुरचुरायचे, मग भोकाड. एकदा तिथे काम करणारा एक म्हातारा हातातलं फावडं टेकून बराच वेळ आमची ही सर्कस बघत उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "ब्रेक नको मारू रं बाला. हँडल सरल धर नि पाय मारीत जा." त्या दिवशी सुहास पुऱ्या बांधाच्या टोकापर्यंत गेला. पण परत वळायचं कसं ते कोणीच शिकवलं नव्हतं, म्हणून तिथेच उतरून सायकल हातात धरून चालत आला.

पुढे तो इंजिनीयर झाला. कागद गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी म्हणून फिनलंडला पाठवलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. लग्न केलं, ते टिकलं नाही, त्याबद्दल एवढंच. माझं जमलंच नाही, त्याबद्दलही एवढंच. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात तो सायकलने कामाला जातो असं कळलं तेव्हा आईने दोन दिवस जेवण टाकलं होतं. वजा वीस तापमान, सकाळी नऊपर्यंत मिट्ट काळोख, वाटेवर बर्फ, आणि हा सायकलवर! मी फोनवर त्याला चांगलं फैलावर घेतलं. तर म्हणतो कसा, "ताई, टेन्शन नको घेऊस. इथे शाळेतली पोरं पण सायकलने जातात. मी तीन वेळा पडलेलो, पण आता खिळ्यांचे टायर घातलेत. आणि खरं सांगू? सगळं मिठागरासारखंच आहे गं. ब्रेक मारायचा नाही, हँडल वळवायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत."

"बसने का नाही जात शहाण्यासारखा?"

"बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही इथे."

"आणि सायकलवर कोण बोलतं तुझ्याशी?"

याचं उत्तर मला सात वर्षांनी मिळालं. आई गेली, दिवस झाले, तो परत गेला, आणि दोन खोल्यांच्या या घरात मी एकटी उरले. शाळेत होते तोपर्यंत दिवस कसाबसा निघायचा, सुट्टीचा दिवस मात्र अंगावर यायचा. अशाच एका रविवारी पावणेअकराला त्याचा फोन आला. तिथे सव्वासात वाजले होते आणि तो यंत्र बंद पडलं म्हणून रविवारीही कामावर निघाला होता. एका कानात इअरफोन, फोन कोटाच्या आतल्या खिशात. "मला बोलता येणार नाही गं फार, दात वाजतायत. तू बोल." मी काय बोलणार? भाजीला काय केलं ते सांगून झालं. मग समोर पेपर होता तो वाचायला लागले. ठाण्याचं पान. कोपरीत दोन दिवस पाणी येणार नाही, डोंबिवलीत रस्ता पुन्हा खोदला, दिवा गावच्या बायकांनी हंडामोर्चा काढला. तो मधून मधून फक्त "हं" म्हणत होता. सव्वीस मिनिटांनी म्हणाला, "पोचलो गं. ठेवतो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तेव्हा मी दुपारच्या शाळेत होते, त्यामुळे पावणेअकराची वेळ मला सोयीचीच पडली. मी निवृत्त झाले तरी फोन चालू राहिला. अकरा हिवाळे.

मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. काश्मीरची सहल एकदा ठरली होती, ती रद्द झाली. पण अकरा हिवाळे मी तो ऐकला. वाचता वाचता मागून त्याच्या चाकांचा आवाज यायचा आणि हळूहळू मला तो ओळखता यायला लागला. टणक बर्फावर खिळ्यांचा कटकट आवाज, कोणी घाईघाईने टाइप करतंय तसा. फार थंडी असेल तर दाताखाली खडीसाखर फुटावी तशी करकर. घसरू नये म्हणून तिथली नगरपालिका वाटेवर बारीक खडी टाकते, तिची चरचर. आणि रात्री ताजा बर्फ पडला असेल, तर चाळणीतून पीठ खाली पडावं तसा मऊ, अखंड आवाज. तो मला सगळ्यांत आवडायचा. मी न विचारता सांगायची, "आज ताजा पडलाय ना रे?" आणि तो तिकडे हसायचा, "ताई, तू नगरपालिकेत नोकरी कर इथल्या." वाटेत नदीवर लाकडी पूल होता. तिथे वारा इतका असायचा की माझा शब्द त्याला ऐकू यायचा नाही. मग तो म्हणायचा, "थांब, पूल." मी बोट ओळीवर ठेवून थांबायची. वारा फोनमध्ये घोंगावायचा, फळ्या धडधडायच्या. पूल संपला की पुन्हा "हं", की मी पुढची ओळ.

गेल्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर, एका सकाळी चाकांचा आवाज आला नाही. मी अर्धं पान वाचलं आणि थांबले. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आज आवाज नाही येत टायरचा." तो म्हणाला, "ताजा बर्फ पडलाय गं. मऊ आहे एकदम."

छत्तीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. वही घरी राहिली, आजोबा आजारी आहेत, कुत्र्याने पान फाडलं... थाप तोंडातून पुरती बाहेर पडायच्या आत मी पकडायची. मुलं मला घाबरायची ती त्यासाठीच. आणि माझ्या सख्ख्या भावाची एवढी ढोबळ थाप मी मुकाट्याने ऐकली आणि म्हणाले, "बरं." पुढची बातमी वाचायला लागले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "थांब, पूल." मी थांबले. वारा नव्हता. फळ्या वाजल्या नाहीत. दूर कुठेतरी चाकांची गाडी ढकलत नेल्यासारखा आवाज आणि एक बारीक टिंग... टिंग... मग त्याचं "हं". दम मात्र खरा होता. चढावर लागावा तसा दम त्याला आता सारखाच लागत होता, त्यामुळे सोंग छान वठत होतं.

असं रोज चाललं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तो रोज तेवढ्याच अंतरावर पूल आणायचा, रोज सव्विसाव्या मिनिटाला "पोचलो गं" म्हणायचा. टिंगटिंग जास्तच ऐकू आली एकदा, तर म्हणाला, रस्ता ओलांडायचा सिग्नल आहे. मी म्हटलं, "असेल."

लोक मला आता समजूत घालतात, की तुम्ही त्याचं मन राखलंत. मीही काही दिवस स्वतःला तेच सांगत होते. पण ते खरं नाही. मी विचारलं असतं, तर तो सोंग टाकून मोकळा झाला असता. मी पासपोर्ट काढला असता, गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, गेले असते. निदान रडलो असतो दोघं. हे सगळं मला नोव्हेंबरमध्येही सुचलं होतं. तरी मी विचारलं नाही, कारण मला भीती वाटली की विचारलं तर हा फोन थांबेल. आजारी माणसाला कोणी ठाण्याच्या पाणीकपातीच्या बातम्या वाचून दाखवत नाही. मग डॉक्टर काय म्हणाले, जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच उरलं असतं, आणि तेही चार-पाच मिनिटं. दिवसातली ती सव्वीस मिनिटं सोडली तर मी दूधवाल्याशी आणि खालच्या वॉचमनशी बोलते, तेवढंच. ती मला हवी होती. माझा भाऊ मरत होता आणि मला माझी सव्वीस मिनिटं हवी होती, तसंच आहे ते.

शेवटचा फोन झाला त्या दिवशी तो म्हणाला, "ताई, आज जरा जास्त वाच." मी ठाण्याचं पान संपवलं, अग्रलेख वाचला, हवामान वाचलं, हरवल्याच्या आणि नावात बदल केल्याच्या जाहिराती वाचल्या. पूल आलाच नाही त्या दिवशी. "हं" विरळ होत गेलं. पाऊण तास झाला तरी तो पोचला नाही. मी शब्दकोड्याची शोधसूत्रं, आडवी आणि उभी, सगळी वाचून दाखवली. मग कोणीतरी तिकडून हलक्या हाताने फोन बंद केला.

मारियाचा दुसरा फोन आला तो गेल्या आठवड्यात. त्याच्या सामानाचं काय करायचं ते विचारायला. पुस्तकं वाचनालयाला द्या, कपडे गरजूंना द्या, सायकल तुम्ही घ्या, असं मी सांगितलं. ती घेते म्हणाली. मग जरा घुटमळली. तिला एक सांगायचं होतं, सांगू का असं विचारत होती. ती रोज कामावर जाताना त्याला भेटून जायची. सव्वासात वाजायला आले की तो कसाबसा उठून, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसायचा. त्याच्या खिडकीतून सायकलची वाट दिसायची, तिकडे बघत कानात इअरफोन घालायचा. नर्स दार ओढून घ्यायची. मारियाने त्याला एकदा विचारलं, बहिणीला खरं का नाही सांगत? तिला कधी कळलं तर?

तो म्हणाला होता, "तिला कळलंय. पहिल्याच दिवशी कळलं. ती हल्ली माझ्यासाठी हळू वाचते."

"मग सांगून का टाकत नाहीस?"

"सांगितलं तर ती वाचायची थांबेल."

मी मारियाचे आभार मानले. फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी करायला लागले, काय ते आठवत नाही. मी हळू वाचत होते हे माझं मलाच माहीत नव्हतं. त्याला जी भीती, तीच मला. एकाच आईची दोन लेकरं, चार महिने एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिलो, आणि ती दोघांनाही ठाऊक होती. याचं मला समाधान वाटायला हवं, असं मारियाच्या सुरावरून वाटलं. मला ते अजून तरी वाटत नाही. तो एकटा पलंगाच्या कडेला बसलेला दिसतो, एवढंच.

मार्च संपताना तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे त्याचा फोन आता पावणेदहाला आला असता. एप्रिल निम्मा झाला. या दिवसांत तिथला बर्फ वितळतो आणि नगरपालिकेची माणसं वाटेवरची खडी झाडून नेतात. पेपर मी अजून घेते. काल पावणेदहाला तो उघडून बसले. कोपरीत शुक्रवारी पाणी नाही. एवढी एक ओळ मोठ्याने वाचली आणि पेपर घडी घालून बाजूला ठेवला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात विचारलं, "सुहास, खूप दुखतंय का रे?"

मग सव्वीस मिनिटं होईपर्यंत मी काही वाचलं नाही.