चेडोबाचं आवतण

गोदूबाई कॅनडाहून आली ती चार बॅगा, दोन गुडघ्यांच्या पट्ट्या आणि एक हक्क घेऊन. भाच्याच्या, नितीनच्या मुलाचं, प्रज्वलचं लग्न होतं, आणि बदलापुरातल्या कात्रपच्या या घरात लग्नाचं पहिलं आवतण देवांना जातं. गावदेवी, विहिरीवरच्या आसरा आणि शेताच्या बांधावरचा चेडोबा, या क्रमाने. हातात ताट घेऊन ते द्यायचा मान घरच्या थोरल्या आत्याचा. गोदूबाईने तो मान पंचवीसेक लग्नं बजावला, मग नवऱ्याच्या मागे आधी मस्कत, मग कॅनडा असं करत एकतीस वर्षं तो फोनवरून मिरवला. म्हणजे नारळ दुसऱ्याच कोणीतरी फोडायचा आणि सूचना हिने द्यायच्या.

नितीनने घाबरत घाबरत सुचवलं, "आत्या, आता शेत राहिलं नाही, तिथे सात माळ्यांचं कॉम्प्लेक्स झालंय. रंजना घरातच सुपारी मांडून आवतण देईल."

"रंजू कशाला? मी जिती हाय ना अजून?" गोदूबाई म्हणाली. "मना डोळं बांधून सोड, चेडोबाजवल जाऊन उभी राहीन."

बोलून गेली खरी, पण रात्रभर ती अंथरुणात बांधाची पावलं मोजत होती. गेल्या आठ दिवसांत ती आपल्याच गावात दोनदा हरवली होती. एकदा तर रिक्षावाल्याने तिला विचारलं होतं, "आजी, बदलापूरला पहिल्यांदाच आलात का?" ती त्याच्यावर खेकसली होती. चेडोबा सापडला नाही, तर तो रिक्षावाला खरा ठरणार होता, आणि ते तिला मरेस्तोवर सहन झालं नसतं.

सकाळी ती निघाली. ताट धरायला सोबत नितीनची बायको रंजना होती. ही मुळात मितभाषी, त्यात आत्याबाईंपुढे तर तिच्या तोंडातून हूं की चूं निघायचं नाही. गावदेवी लगेच सापडली, कारण तिला संगमरवर लागला होता आणि तिच्या नावाची कमान उभी होती. विहीरही सापडली. तिच्यावर लोखंडी जाळी होती, आसरांनी बाहेर यायचं म्हटलं तर परवानगी काढावी लागली असती. पण हळदकुंकू जाळीवर वाहता आलं आणि गोदूबाईला धीर आला.

"इथून बांधाबांधानं साठ पावलं," ती म्हणाली आणि चालू लागली. बाराव्या पावलाला भिंत आली. ती भिंतीला वळसा घालून कॉम्प्लेक्सच्या गेटातून आत शिरली, बावीस पावलं जिमच्या काचेसमोरून गेली, आत पळणाऱ्या माणसांकडे कीव येऊन पाहिलं, आणि साठाव्या पावलाला, दोन स्कूटरींच्या मधोमध, तिला तो दिसला. गुडघाभर उंच, लालबुंद, गप्प बसलेला.

"बघ. मी बोलली नव्हती?" ती रंजनाला म्हणाली. रंजना काहीतरी बोलायला गेली आणि नुसतीच ताटाकडे बघत राहिली. गोदूबाई गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली. तिने हळद लावली, कुंकू लावलं, फाडकन नारळ फोडला आणि प्रज्वलच्या लग्नाला यायचं चेडोबाला सहकुटुंब आवतण दिलं. तिचे डोळे भरून आले होते.

वॉचमन चंदर धावत आला. "आजी, ओ आजी, ते काय करताय? तो देव नाय, तो हेमंतसाहेबांचा पार्किंगचा दगड हाय. दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून ऑइलपेंट मारून ठेवलाय."

तेवढ्यात स्वतः हेमंतसाहेब हेल्मेट घेऊन आले. ते मूळचे श्रीगोंद्याचे, सोसायटीचे सेक्रेटरी. हळदकुंकवाने माखलेला आपला दगड पाहून त्यांचा चेहरा पडला. वरच्या माळ्यावरची एक बाई शेजारून जाताना दगडाला नमस्कार करून गेलीही. "आजी, माझी पार्किंग गेली," हेमंत कळवळून म्हणाले. "महिन्याभरात इथे देवळाची शेड होईल. तुमचा देव तिकडे आहे, मीटररूमच्या बाजूला. खोदकामात निघाला, तेव्हा आम्हीच बसवला. दर शनिवारी पेढे ठेवतो."

"चेडोबाला पेढं?" गोदूबाईला भान राहिलं नाही. "त्याला कोंबडा लागतो."

"हळू बोला हो. कमिटीत दोन तट पडतील."

मीटररूमच्या बाजूला पांढऱ्या टाइल्सच्या कोनाड्यात चेडोबा खरंच बसला होता. ताजं झेंडूचं फूल होतं, दिवा होता. दगडावरची ती तिरपी भेग गोदूबाईने लहानपणी बोटाने कितीदा तरी चाचपली होती. ती वळली. "रंजू, तुला ठाव होतं?"

"हो आत्या. मी दर दिवाळीला येते इथे."

"मग त्या दगडाजवल असताना बोलली का नाय?"

"मान तुमचा होता ना," रंजना खाली बघत म्हणाली.

गोदूबाई आधी चिडली, मग तिला स्वतःचंच हसू फुटलं. स्कूटरच्या दगडाला सहकुटुंब बोलावून बसलेली आपण, आणि ही पोर तोंड मिटून ताट धरून उभी. हसता हसता तिला फार वाईट वाटलं. हेमंतनी घरून दुसरा नारळ आणला, तो तिने हातात घेतला, क्षणभर जोखला आणि रंजनाच्या हातात दिला.

"तू फोड."

"आत्या, नको."

"फोड गो. त्यो तुला वलखतो."

रंजनाने नारळ फोडला, तोंडातल्या तोंडात आवतण दिलं, चेडोबापुढे सुपारी ठेवली. मग तिने ताटातली दुसरी सुपारी उचलली, तिच्यावर चार अक्षता ठेवल्या आणि वाकून गोदूबाईपुढे धरली. "आत्या, प्रज्वलचं लग्न आहे रविवारी. तुम्ही पण या."

घरच्या माणसाला कोणी आवतणाची सुपारी देत नाही, ती पाहुण्यांना द्यायची, हे गोदूबाईइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने ती घेतली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली.

"येईन," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत खुर्ची ठेव मना."