पोव्हाटनांच्या घराला लावलेली माती

मी कतारला निघाले त्या सकाळी आई घर सारवत होती. फाट्यावर गाडी अकराला यायची, आणि नेमकी तेव्हाच तिला मागची भिंत आठवली होती. कोपरापर्यंत शेणामातीनं भरलेले हात अंगापासून लांब धरून ती दारात आली. "हात भरल्यात गं, जवळ कशी घिऊ? जा तू. पोचल्यावर फोन कर," म्हणाली आणि परत भिंतीकडं वळली. मी रडले नाही. विमानात शेजारची केरळची नर्स दोह्यापर्यंत रडत होती. मी माझं जेवले आणि तिच्या ट्रेमधला पावही खाल्ला.

पाड्यावरच्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, पोर धीराची. माझ्यासारखे जे इकडं आलेत त्यांना ठाऊक असेल, तो धीर नसतो. आत कुठंतरी बधिर होतं आणि आपण ड्युटीला लागतो.

आमचं घर कारवीचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून केलेला कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं. वडील लाकूड आणून द्यायचे, बाकी सगळा कारभार आईचा. आश्रमशाळेतून नर्सिंगला नाशिकला गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींना "आमचं घर जरा जुनं आहे" एवढंच सांगितलं. ती सवय लागली ती लागलीच. दोह्यातल्या अल गराफ्यात एका व्हिलाच्या मागच्या तुकड्यात आम्ही भाड्यानं राहतो. तिथल्या पुण्या-मुंबईच्या बायकांसाठी मी नाशिकची. माझ्या दहा वर्षांच्या तन्वीसाठीही नाशिकचीच. भारतात गेलो की दिरांच्या फ्लॅटवर उतरायचं आणि आईला तिथं बोलवायचं. पाड्याचा रस्ता खराब आहे, मच्छर फार आहेत, कारणांना काय तोटा? आई यायची, सोफ्याच्या कडेवर बसायची, नातीच्या केसांवरून हात फिरवायची आणि दुपारच्या एसटीनं परत जायची.

कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा होता त्या वर्षी होळीनंतर भावाचा फोन आला. घरकुल मंजूर झालं होतं. पाऊस लागायच्या आत जुनं घर पाडून नवं उभं करायचं होतं. "पर आई आडून बसलीया," तो म्हणाला. "म्हनती, तन्वीला एकदा आपल्या घरात निजू दे, मंग पाडा."

मी म्हटलं, "वर्ल्ड कपमुळं सगळ्यांच्या रजा बंद आहेत रे. पाडा तुम्ही."

त्या वर्षी इथं कशालाही हेच कारण चालायचं. रस्ता खोदलाय, वर्ल्ड कप. प्लंबर येत नाही, वर्ल्ड कप. पण माझी रजा बंद नव्हती. मी अर्जच केला नव्हता. ईदला सुट्टी मिळाली, नवऱ्यालाही लुसैलच्या बांधकामाच्या साइटवरून चार दिवस सोडलं, आणि आम्ही तिघं जॉर्जिया देशातल्या डोंगरात बर्फ बघायला गेलो.

परत आल्यावर भावानं व्हिडिओ पाठवला. वॉर्डच्या पॅन्ट्रीत चहा घेताना पाहिला. आधी कौलं उतरवली होती, मग चौघांनी कूड ढकलला. पडायला वेळ लागला नाही. मला काही वाटलं नाही. भावाला अंगठा पाठवला आणि बीपी घ्यायला गेले. पेशंट म्हातारा कतारी होता. अल खोरकडं तंबूच्या आकाराचं स्टेडियम उभं राहिलंय, त्याचा फोटो तो येईल त्या नर्सला दाखवायचा. माझा जन्म असल्याच तंबूत झाला, असं मोडक्या इंग्रजीत छाती फुगवून सांगायचा. मला म्हणाला, तुझं घर कसं आहे? मी म्हटलं, अपार्टमेंट. "माशाल्ला," तो म्हणाला.

त्याच महिन्यात तन्वीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला. तिची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात नदीकाठी राहणाऱ्या, तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांचं गाव बनवायचं होतं. ती मला वाचून दाखवत होती: घरं बायका बांधायच्या, कोवळी झाडं वाकवून, दोरीनं बांधून. एकाच शेतात मका, घेवडा, भोपळा. जमीन थकली की गाव दुसरीकडं हलायचं. आमच्याकडं नागली, वरई आणि मधे उडीद, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते तिथंच ठेवून मी कुंपणाच्या मेंदीच्या काठ्या तोडून आणल्या आणि बांधायला बसले. बोटं आपोआप चालत होती. सांगाडा झाला तशी नर्सरीतून आणलेली माती कालवली, त्यात गवत चुरलं आणि थापायला लागले.

"ममा, नो मड! दे यूज्ड मॅट्स," तन्वी ओरडली.

तिचं बरोबर होतं. त्यांच्या घरांवर बोरूच्या चटया किंवा झाडाची साल असायची. पण उघडा कूड आमच्यात गुरांच्या गोठ्याला ठेवतात, माणसांच्या घराला नाही. माझा हात काही थांबला नाही. टीचरनं शेरा दिला: काम सुंदर, माती चूक. "तू हे कुठं शिकलीस?" असं तन्वीनं इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "यूट्यूबवर."

शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तन्वीनं ते घर फोनपुढं धरलं.

"अगं बया! ह्यो तर आपला कूड!" आई म्हणाली. "कोपरा कच्चा ऱ्हायलाय. तुझ्या आयनं सारवला व्हय? तिचा कोपरा कायमच कच्चा."

तन्वीनं माझ्याकडं पाहिलं. आई बोलतच होती. "तुला ते घर दावायचं व्हतं गं. पर त्या वर्ल्ड कपापायी तुझ्या आयला सुट्टीच न्हाई गावली."

"बट वी वेंट टू जॉर्जिया," तन्वी म्हणाली.

"काय म्हनती पोर?"

"म्हणते, पुढच्या वर्षी नक्की येऊ," मी सांगितलं.

तन्वी मराठी बोलत नाही, पण तिला समजतं सगळं. तिनं फोन माझ्या हातून घेतला आणि एकेक शब्द शोधत म्हणाली, "आजी, मी तसं नाही बोलली. ममाला सुट्टी होती. आम्ही बर्फ बघायला गेलो."

 पलीकडून आई म्हणाली, "बरं केलं. लई थंडी व्हती का गं?"

तन्वी तिला बर्फाचं सांगत बसली, मोडक्यातोडक्या मराठीत. मी शेजारीच उभी होते. दोघींपैकी कुणीही मला काही विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी मला आतून काही वाटलं, आणि ती माझी स्वतःची लाज होती. इतकी वर्षं मला घराची लाज वाटायची. ते घर आता नाही. ज्या दोघींसमोर मला माझीच लाज वाटली, त्या दोघी जिथं बोलत बसल्या असतील तेवढंच आता माझं घर, आणि तिथं अजून मला कुणी आत बोलावलेलं नाही.