साखर बरोबर आली तेव्हा

ज्या माणसाचं स्वादुपिंड माझ्या पोटात आहे, त्याच्याविषयी मला काहीही ठाऊक नाही. नुसता बसलो तरी हात आपोआप ओटीपोटाच्या उजव्या बाजूला जातो. डावीकडे त्याचंच मूत्रपिंड आहे. माझी स्वतःची इंद्रियं शल्यचिकित्सकांनी काढली नाहीत. ती जागच्या जागी आहेत. नव्या स्वादुपिंडाचा पाचकरस त्यांनी माझ्या आतड्यात सोडला आहे. पूर्वी तो मूत्राशयात सोडत. लघवी तपासून बिघाडाची चाहूल लागे, पण जळजळ होई आणि शरीरातले क्षार वाहून जात. आताची जोडणी निसर्गाला अधिक धरून आहे. मात्र घरी सोडताना ते म्हणाले होते, "शरीर हे इंद्रिय नाकारू लागलं, तर साखर वाढलेली दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. रक्ततपासण्या चुकवू नका."

ते वाक्य घेऊन मी करंजाड्यातल्या आमच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो.

शाळेत असल्यापासून मी इन्सुलिनवर होतो. साखर उतरली की माणूस चिडतो, हे लग्नानंतर पत्नीला लवकरच कळलं. माझा आवाज चढला की ती वाद न घालता साखरपाणी आणून देई. माझ्या प्रत्येक संतापाला आमच्या घरात हे एकच कारण होतं. मीही ते मानलं होतं. क्षमा मागण्याची वेळ कधी आली नाही.

आता इन्सुलिन बंद आहे.

परवा दुपारी तिच्या आपटा गावातल्या बहिणीने पपनस पाठवलं. शरीराने नवं इंद्रिय नाकारू नये म्हणून मी ज्या गोळ्या घेतो, त्यांना ते चालत नाही; रक्तातलं औषधाचं प्रमाण बिघडतं. स्वयंपाकघरात आलो तर ही ते सोलत होती.

"मला मारायचंय का तुला?" मी ओरडलो. आणखीही बोललो, ते इथे लिहवत नाही.

"अहो, मी माझ्यासाठी सोलतेय. मी कुठे गोळ्या खाते?" असं म्हणत तिने सवयीने साखरेच्या डब्याकडे हात नेला आणि थबकली. मग साखर मोजायचं यंत्र घेऊन आली. "बोट द्या."

आकडा उमटेपर्यंतचा तो क्षण मला अजून छळतो. साखर बिघडलेली निघाली, तर त्या अनोळखी माणसाचं दान वाया जाऊ लागलं असा अर्थ होता. तरीही निमिषभर मला वाटलं, बिघडलेली निघावी.

साखर अगदी बरोबर होती.

ती खुर्चीत बसली. आधी सुटकेचा निःश्वास टाकला, मग माझ्याकडे पाहिलं. "चला, म्हणजे तब्येत ठणठणीत."

"गोळ्यांनीही चिडचिड होते," मी म्हणालो.

"हो का? साखर गेली, आता गोळ्या आल्या! उद्या त्या बिचाऱ्या देणाऱ्याच्या नावावर घालाल, तोच तापट होता म्हणून."

मला हसू आलं नाही. तीही हसत नव्हती.

"आजारी माणसाशी भांडायचं नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले," ती म्हणाली. "आता बरे आहात ना? मग ऐका. आपट्याला, बहिणीच्या वास्तुशांतीला, वाढायला उशीर झाला म्हणून सगळ्यांच्या देखत मला काय म्हणालात? त्या दिवशीही मी मुकाट्याने साखरपाणीच आणून दिलं होतं. ती साखर होती का हो?"

'असेल' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण साखर खरोखर उतरायची, तेव्हाचं बोललेलं मला नंतर कधीच आठवत नसे. आपट्याचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं.

"नाही," मी म्हणालो.