बुचाकडे लागलेले डोळे

रबाळ्याच्या खाडीकडेला मिठाचं जुनं गोदाम होतं. नव्वदच्या दशकात मिठागर बंद पडल्यावर ते मी गावातल्या एका म्हाताऱ्या आगरी मालकाकडून भाड्याने घेतलं, आठ महिने हुज्जत घालून. परवाना काढला आणि तिथे ताडीचं दुकान थाटलं. जाड भिंतींमुळे भर उन्हातही आत गारवा असायचा. कारखान्यांची पाळी सुटली की बाकं भरायची. माझ्याकडे पाण्यात गुंगीची पावडर कालवलेली नकली ताडी मिळत नाही, हीच माझी पत.

एका दुपारी शेजारच्या दिघा गावचे दहाबारा जण दारात आले. माझ्याकडे पिऊन गेलेला एक जण आदल्या दिवशी बेशुद्ध पडला होता. त्याचा भाऊ पुढे होता.

"सेठ, पाण्यात पावडर मारून विकता ना? आज दुकान फुटणार."

"फोड. पण आधी बाटली लावू."

बाटली लावणं सगळ्यांना ठाऊक होतं. खरी ताडी बाटलीत भरून, बूच मारून उन्हात ठेवली की फसफसते आणि बूच उडवते. पावडरचं पाणी मेलेलं असतं. भावानेच मडकं निवडलं. बाटली भरून मी ओट्यावर ठेवली. गलका ऐकून गोदामाचा म्हातारा मालक आला. सकाळी मडकी घेऊन आलेला ताडी उतरवणारा भिंतीशी उभा होता.

सगळे बुचाकडे बघत होते. ते हलेना.

"झोपली काय तुमची ताडी?" मागून कोणीतरी हसलं. एकाने बाक उचललं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताडी दुपारपर्यंत आंबू नये म्हणून ताडी उतरवणारा काही मडक्यांना आतून चुना लावायचा. त्यातली ताडी गोड राहते, फसफसत नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला हे माझ्याआधीच कळलं होतं, आणि तो खाली बघत उभा होता.

"याला विचारा, मडक्याला चुना आहे!"

त्याने मान वर केली नाही.

"आता आम्हालाच चुना लावता काय?" भाऊ म्हणाला.

माझं टाळकं सरकलं. ते मडकं उचलून मी ओट्यावर आपटलं. मालकाने एक खापर उचललं, आतल्या पांढऱ्या थरावर अंगठा घासला, जिभेला लावला.

"चुनाच हाय यो. बिनचुन्याचं मडकं घे रं."

दुसरी बाटली लावली. थोड्या वेळाने बूच असं उडालं, की बाक उचललेला माणूस दचकला. त्याने बाक खाली ठेवलं. भाऊ त्याच बाकावर बसला.

गर्दी पांगल्यावर ताडी उतरवणारा जवळ आला. "सेठ, मी सांगनारच होतो."

"कधी? दुकान फुटल्यावर?"

"बोललो असतो तर त्यांनी मलाच धरला असता."

दुसऱ्या दिवशी त्याची मडकी मी दारातूनच परत पाठवली. नव्या माणसाची ताडी तेवढी चांगली नव्हती. गिऱ्हाइकं कुरकुरली, मालकानेही दोनदा समजूत घातली. पण त्या जुन्या माणसाला मी पुन्हा दारात उभं केलं नाही.