देवाच्या पाठीला लावलेला कौल

देवाला कौल लावायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि पाकळ्या देवाच्या पाठीला चिकटवून बसलो.

यात सगळा दोष माझाच होता असं नाही. आमचा गावदेव म्हणजे वेशीवर उंबराखाली उभा असलेला गुडघाभर दगड. नाक नाही, डोळे नाहीत, चहूबाजूंनी सारखाच शेंदूर. त्याच्या समोर बसायचं, जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. आपल्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर ‘जा’, डाव्या हाताची पडली तर ‘नको’. गावातली सोयरीक, घराचा पाया, आटलेली म्हैस, सगळ्याचा निकाल तिथं लागे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी शहापूरला एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो आणि गणपतीला म्हणून घरी आलो होतो. घर आमचं वैशाखऱ्याच्या अलीकडे, काळू नदीच्या पल्याड. कारकुनीमुळे जंगलखात्याला नि मामलेदाराला अर्ज लिहिण्यात माझा हात बसला होता आणि चार बुकं वाचल्यामुळे जीभ सैल झाली होती. ‘दगड काय कौल देणार?’ असं मी एकदा भगताला भर पारावर विचारलं होतं. भगत म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. त्यानं तापकरी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळत राहिला.

गणपती बोळवले आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीला हिवताप भरला. आधी थंडी, मग अंगाची भट्टी. दोन दिवसांनी ती बरळायला लागली, आईलाच ‘ही कोण?’ म्हणाली. लढाईमुळे हिवतापावरच्या कोयनेलची पुडी गावात शोधून सापडेना. डॉक्टर मुरबाडला, आणि मधे नदी. पाऊस उघडला होता, पण गाड्या जिथून नदी ओलांडत त्या उताराला पाणी अजून गाडीच्या साटीच्या फळ्यांना लागत होतं.

“गाडी जुंपा,” बायको म्हणाली.

“पाणी जरा उतरू दे,” मी म्हणालो. मग अंगणात जाऊन आभाळ बघितलं. आत येऊन “नाहीतर जाऊच” म्हणालो. पुन्हा अंगणात गेलो. गोठ्यात जाऊन बैलांकडे बघितलं. बैलांनी माझ्याकडे बघितलं. निर्णय असा कुणाचाच झाला नाही.

घरात माझी आत्या होती. विधवा, आणि घरातली खरी मामलेदार. ती म्हणाली, “ताकातल्या रवीसारखा काय घुमतोस रे आतबाहेर? जा, देवाला इचारून ये.”

“मी?”

“मंग काय पोरीला धाडू?”

मी निघालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. वाटेवरून कुणी बघेल आणि पारावर माझी शोभा होईल, म्हणून मी दगडाच्या पलीकडच्या अंगाला, करवंदीच्या आडोशाला बसलो. देवामागे लपलो म्हणा ना! पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, हात जोडले, आणि तोंडातून गाऱ्हाणं म्हणून बाहेर काय पडलं, तर अर्ज.

“मेहेरबान गावदेव महाराज यांचे सेवेशी, अर्जदार सविनय कळवतो की, अर्जदाराची कन्या तापाने आजारी असून तिला मुरबाड मुक्कामी नेण्याबाबत योग्य तो हुकूम व्हावा...”

दुसरं काही येतच नव्हतं. सही तेवढी करायची राहिली.

थोड्या वेळानं डावी पाकळी पडली. नको! मी लाजून सांगतो, मला हलकं वाटलं. नदीत गाडी घालायला नको, आणि पुढं काही बरंवाईट झालं तर हुकूम वरून आलेला. सरकारी नोकरी न करताही माणूस किती सरकारी होऊ शकतो बघा.

तेवढ्यात म्हशी हाकत भगत आला.

“अवो, देवाच्या पाठीमागं काय करताव?”

“पाठीमागं? ही पाठ?”

“गावदेव गावाकडं तोंड करून नाय बसणार तर काय करवंदीकडं?”

मी पडलेली पाकळी उचलली. “म्हणजे ही डावी पाकळी समोरून बघितली तर...”

“उजवी.”

“मग देव ‘जा’ म्हणाला?”

भगत विचारात पडला. “पाठीनं दिल्याला कौल धरायचा का नाय, ते माज्या बाला म्हायती. तो तर गेला. सांजच्याला चार म्हातारी मानसं बसवू, इचार करू.”

ही आमची गावातली कमिटी बसेपर्यंत मी थांबलो नाही. घरी पळालो. चुलीत राख, गोठ्यात बैल नाहीत, अंगणात चाकांच्या ओल्या रेघा. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “तुमी वळणाआड गेलाव न् आत्यानं गाडी जुंपली. बोलली, आता कसं, वाट मोकळी झाली.”

नदीवर पोचलो तर गाडी पाण्यात, मधोमध. कासरा आत्याच्या हातात. बैल अडून बसलेले, पुढं पाऊल घालेनात. पाणी गाडीचं मागचं अंग ओढत होतं आणि गाडी तसूतसूनं तिरकी होत होती. बायको उभी होती, पोर खांद्यावर, पदरानं बांधलेली. पोरीची मान लोंबत होती.

मी काय ओरडलो ते मला नीट आठवत नाही. “देवा! अरे देवा, धाव रे!” असं काहीतरी. त्यात अर्जदार नव्हता, सविनय नव्हतं, कुठला देव तेही सांगितलं नव्हतं. घशातून आवाज असा निघाला की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. बैलांनी हिसका दिला, गाडी सरळ झाली आणि धडधडत पलीकडच्या काठाला चढली. मी मागून पाण्यात शिरलो, दोनदा पडलो, आणि चिखलानं माखून गाडीशी पोचलो. आत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “आलास? बस मागं.” देव काय म्हणाला, ते तिनं विचारलंच नाही.

मुरबाडच्या डॉक्टरानं सुई दिली, कोयनेल दिलं, आणि “आणलीत ते बरं केलंत” एवढंच म्हणाला. ताप उतरला. पोर पेज मागायला लागली. पेज आली तर गूळ मागायला लागली, तेव्हा आम्ही घरी निघालो.

परतीच्या वाटेवर मला राहवेना. कौलाची सगळी हकीकत बायकोला सांगितली, देवाच्या पाठीची, माझ्या अर्जाची. म्हणालो, “पण काठावर मी जी हाक मारली ना, ती खरी. ती देवानं ऐकली. नाहीतर अडलेले बैल असे निघतात?”

ती पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी करत होती. म्हणाली, “देवानं ऐकली का नाय ते देव जाणे. बैलांनी ऐकली. असे बुजले, असे बुजले, की आत्याबाईंच्या हातातला कासरा सुटला. आता पुढं परत नदी हाय, अन् पोरीला आत्ता कुठं डोळा लागलाय. या खेपेला देवाला जरा हळू हाक मारा.”