पाणी खाली पडतं म्हणून

नातीला न्हाऊ घालायला शेवंताबाई येतात. पसरलेल्या पायांवर तिला उताणी निजवतात, कपाळावर आडवा तळहात धरतात आणि तांब्याने डोक्यावर पाणी सोडतात. पाणी तळहाताला अडून कानांमागे पळतं. तरी माझा जीव टांगणीला लागतो.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा बघू! पाणी खालीच जातंय की," त्या म्हणतात.

मला मात्र बातमीत वाचलेला तो इटालियन अंतराळवीर आठवतो. अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना त्याच्या शिरस्त्राणात मानेमागून पाणी झिरपू लागलं. तिथे पाण्याला खाली जाणं ठाऊकच नाही. ते चिकटत चिकटत कानांवर, डोळ्यांवर, नाकापर्यंत आलं. पुसायला हात आत जात नव्हता. काही दिसेना, तसा तो स्थानकाशी बांधून ठेवणाऱ्या कमरेच्या तारेची ओढ जाणवेल तिकडे चाचपडत दारापर्यंत पोचला. आत येऊनही दारामागच्या बंद खोलीत हवा भरेपर्यंत शिरस्त्राण काढता येत नव्हतं. तेव्हा सोबत्याने त्याचा हात दाबला आणि त्यानेही उलट दाबला. जिवंत असल्याचा तेवढाच निरोप.

काही वर्षांनी तो पुन्हा तसाच बाहेर पडला, मोठी दुरुस्ती करून आला. त्याच्या घरच्यांनी ते कसं पाहिलं असेल?

शेवंताबाईंनी शेवटचा तांब्या उचलला. न राहवून मी नातीच्या मुठीत बोट सरकवलं. पाणी पडलं. तिचं रडणं मध्येच तुटलं, तोंड उघडंच राहिलं. मी वाट पाहिली.

मग इवल्या मुठीने माझं बोट आवळलं, आणि श्वास सोडला तो मी.